बडबडीचा दुसरा ब्रेक

साहेब, तुम्ही माझ्या कपाळावर खोटं चिकटवलं आहे.

पुढच्या काचेवर, बरोबर चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, लाल शिक्क्याचा कागद. ‘वाहनात विनापरवाना फेरबदल. रस्त्यावर चालवण्यास अयोग्य. तीस दिवसांत मूळ स्थितीत आणावे, अन्यथा भंगारात काढावे.’ खाली सही तुमची. तुम्ही मोटार तपासणी कार्यालयाचे मोठे साहेब, दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसता. मी खाली अंगणात पावणेदोन तास उन्हात उभी होते. तुम्ही खिडकीपर्यंतसुद्धा आला नाहीत. तुमच्या माणसाने दारातून डोकं आत घातलं, त्याला एक जादा पेडल दिसलं, त्याने कागदावर फुली मारली. ती फुली वर गेली आणि तुमची सही होऊन खाली आली. झालं. चव्वेचाळीस वर्षांच्या नोकरीचा निकाल चहा निवायच्या आत लागला.

तुम्हाला वाटलं असेल, मोटार काय बोलणार. तर मी बोलणार आहे. तुम्हाला ऐकायला सवड नसेल तर राहू द्या. ऐकणारी मुलं पुष्कळ आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग दुधावरच्या सायीचा, दिवे गोल, नाक थोडं बसकं, डिकीचं कुलूप आडमुठं. हल्ली लोक मला बघून थांबतात, फोटो काढतात आणि ‘काय गाडी होती’ म्हणतात. मी समोर उभी असताना ‘होती’ म्हणतात. माणसांची ही खोड मला कधीच कळली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला आकार देताना जे ठोके बसले ते मी विसरले, पण शेवटचा एक धक्का विसरले नाही. दारांना रबर बसवणारी एक बाई होती. तिचे दोन्ही हात कामात असायचे, म्हणून ती दार कमरेने ढकलून बंद करायची आणि कान देऊन आवाज ऐकायची. दार नीट लागलं नाही तर पुन्हा उघडायची. माझं दार तिने एकदाच ढकललं, आवाज ऐकला आणि ‘हां’ म्हणाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढे मला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं, पण त्या ‘हां’ची सर कशालाच आली नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला चौदा वर्षं कापडाखाली झाकून ठेवलं. आठवड्यातून एकदा काढायचे, कोपऱ्यापर्यंत न्यायचे, आणायचे, पुसायचे, पुन्हा झाकायचे. शेजारची मुलं जवळ आली की ओरडायचे. उभी राहून राहून माझे टायर खालून चपटे झाले. इंजिन तरुण होतं, पण त्याला जग म्हणजे एक कोपरा एवढंच माहीत होतं.

मग एक दिवस बाई आल्या. दाढ दुखत होती म्हणून आल्या होत्या. त्या टंकलेखनाचा वर्ग चालवायच्या. यंत्रांवर टकटक करायला आता कुणी येत नव्हतं, वर्गात मुली तीन आणि यंत्रं अकरा अशी गत झाली होती. घरात त्या आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, दोघीच. मुलीचे वडील ती रांगत असतानाच गेले होते. तर बाईंनी गाल धरून अंगणातून जाताना माझ्या अंगावरचं कापड वर करून बघितलं. डॉक्टर ओरडायला बाहेर आले. अर्ध्या तासाने बाई दाढ तिथेच ठेवून मोटार घेऊन गेल्या. हा विनोद मिस्त्रींचा आहे, माझा नाही. मिस्त्री कोण ते आता सांगते.

बाईंनी ठरवलं होतं की बायकांना गाडी शिकवायची. बोटं शिकवली, आता पाय शिकवते, असं त्या म्हणायच्या. पण शिकवायचं तर शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक हवा. म्हणून त्यांनी मला गल्लीच्या टोकाच्या मोटार दुरुस्तीच्या शेडमध्ये नेलं. तिथले मिस्त्री तेव्हा काळ्या मिशांचे होते. त्यांनी एका भंगारातल्या व्हॅनचं पेडल काढून आणलं. चालवणाऱ्याच्या ब्रेकपासून एक लोखंडी दांडा आडवा नेला, शेजारच्या सीटपुढे ते पेडल बसवलं आणि दोघांना बोटाएवढ्या एका पिनेने जोडलं. पिन आत असली की बाईंनी पाय दाबला तरी मी थांबणार. पिन काढली तर ते पेडल नुसतं शोभेला. बाई प्रत्येक शिकणारणीला पहिल्या दिवशी खाली वाकून ती पिन बघायला लावायच्या. ‘पिन बघितल्याशिवाय माझ्या शेजारी बसायचं नाही. माझ्यावरसुद्धा भरवसा ठेवायचा नाही.’

बाईंची शिकवायची तऱ्हा निराळी होती. दिसेल ते मोठ्याने बोलायचं, हा त्यांचा नियम. गिअर चुकला तर त्या रागवत नसत, पण तोंड बंद दिसलं की रागवत. डोळ्यांनी बघितलं की नाही हे मला कसं कळणार, तोंडाने सांगा, म्हणायच्या. मग शिकणारी बाई घाम पुसत ओरडत जायची: सायकल. मांजर. उघडं दार. चेंडू. चेंडूमागून येणारं पोर, अजून दिसत नाही पण येईल. सगळ्या काचा खाली असायच्या, आमचा आवाज चौकापर्यंत जायचा. रस्त्यावरच्या लोकांनी माझं नाव बडबडी ठेवलं.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक काकू चालवत होत्या. त्या ओरडल्या, ‘उजवीकडे माझा नवरा. बाकावर बसलाय. आत्ता दुकानात असायला पाहिजे होता.’

‘तो हलणार आहे का?’ बाईंनी विचारलं.

‘तो कधीच हलत नाही.’

‘मग पुढे बघा.’

असे दिवस होते. बावीस वर्षांत नऊशेच्या वर बायका माझ्यावर शिकल्या. माझा क्लच सहा वेळा बदलला. खांबाला, कुंपणाला आणि एकदा उभ्या बैलाला मी टेकले. बैलाने माझ्याकडे बघून मान वळवली. पण एकाही माणसाला माझ्या हातून ओरखडा आला नाही. कारण शेजारी बाईंचा पाय होता. त्या पेडलचं रबर डाव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं आहे, कारण त्यांची टाच थोडी तिरकी पडायची. तेवढ्या झिजलेल्या जागेत नऊशे बायकांचे जीव आहेत. साहेब, तुमच्या माणसाला तिथे जादा पेडल दिसलं.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती मी आजवर कुणाला दिली नाही.

बाईंची मुलगी माझ्या मागच्या सीटवर मोठी झाली. तिथेच ती पाढे म्हणाली, तिथेच झोपली, तिथेच तिचा पहिला दात पडला; तो शोधायला आम्ही अख्खी सीट उपसली. एकोणीस वर्षांची झाल्यावर ती पुढे आली आणि शिकायला बसली. मित्रांनो, परक्या बाईला शिकवणं सोपं. लेकीला शिकवताना बाईंचा पाय ऐकेना. कुत्रं शंभर पावलांवर असलं तरी दाबायच्या. मुलगी चिडायची. एकदा तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाली, ‘सगळ्या जगाच्या बायकांवर तुझा विश्वास आहे. माझ्यावर नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला एकट्याच मिस्त्रींकडे घेऊन गेल्या आणि पिन काढायला सांगितली. मिस्त्री म्हणाले की हे बरोबर नाही. बाई म्हणाल्या की मला माहीत आहे. पिन आहे तोवर माझा पाय जाणारच, पिन नसली की दाबून उपयोग नाही हे तरी पायाला कळेल. मिस्त्रींनी पिन काढून खिशात टाकली. ती बाईंची चूक होती, मी झाकत नाही. नऊशे जणींना पिन बघा म्हणणाऱ्या बाईंनी आपल्या लेकीसाठी पिन काढली आणि त्या दिवशी लेकीला वाकून बघायला लावलं नाही.

आम्ही निघालो. मुलगी छान चालवत होती. सायकल, म्हणाली. दोन पोती, म्हणाली. टपाल पेटी, म्हणाली. बाई हात मांडीवर ठेवून, पाय त्या मेलेल्या पेडलवर नुसता टेकवून बसल्या होत्या, आणि मी शपथेवर सांगते, त्या पायात जोर नव्हता. गोदामांच्या मागच्या वळणावर मुलीने गाडी वळवली आणि मी गचका खाऊन जागच्या जागी थांबले.

ब्रेक बाईंनी लावला नाही. लावताच आला नसता. ब्रेक मी लावला. माझ्या हँडब्रेकची केबल आतून गंजली होती, सोडली तरी मागचं एक चाक पुरतं सुटत नव्हतं, आणि वळणावर ते आवळलं. दोष माझा होता.

मुलीने आईकडे बघितलं. ‘दाबलास ना. आजसुद्धा दाबलास.’ मग ती जे बोलली ते असं होतं: ‘तू मला कधी मोठी होऊच देणार नाहीस. तुला विद्यार्थिनी हव्यात, मुलगी नको आहे.’

बाईंचा चेहरा मी समोरच्या आरशात बघत होते. त्यांनी एकदा खाली पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘हो, दाबला. सवय आहे.’

मुलगी उतरून चालत घरी गेली. पुढे अकरा वर्षं तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

भांडण म्हणावं तर ते भांडणही नव्हतं. दोघी एकाच घरात राहिल्या, एकमेकींची दुखणी काढली, एकमेकींच्या ताटातलं खाल्लं. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली. तिच्या हाताखालून गेलेल्या काचेत केसाएवढा फरक निघत नाही, असं तिच्या दुकानाचे मालक म्हणतात. ती बसने जायची, बसने यायची. बाई रोज विचारायच्या की सोडू का, ती रोज म्हणायची की नको, आहे ना बस. एवढंच. आणि मी दारात उभी राहून ऐकायची, मला घसा असता तर मी खरं सांगून टाकलं असतं. माझ्याकडे होता फक्त हॉर्न.

मग बाईंचा श्वास कमी पडायला लागला. आधी मोठ्याने बोलणं बंद झालं, मग शिकवणं बंद झालं. चार वर्षं मी घराशेजारच्या पत्र्याखाली उभी होते. मागच्या सीटवर मांजरीने दोनदा पिल्लं घातली. दर रविवारी मिस्त्री यायचे, मला पाच मिनिटं चालू ठेवायचे आणि बाईंना खिडकीतून सांगायचे की तुमच्या म्हातारीची तब्येत ठणठणीत आहे. बाई आतून हात हलवायच्या. एका रविवारी हात हलला नाही.

मुलीने मला विकायचं ठरवलं. तिने स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लिहून माझ्या काचेवर लावली. मला राग आला नाही. तिला मी म्हणजे एक गचका एवढीच आठवत असणार.

त्या आठवड्यात भेटायला एक सिस्टर आल्या. दवाखान्यात नोकरीला होत्या. बाईंच्या हाताखाली शिकून परीक्षेत चार वेळा नापास आणि पाचव्या वेळी पास झालेल्या. आता दवाखान्याची रुग्णांची गाडी चालवतात. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मुलीला विचारलं, ‘चालवता येत नाही म्हणून विकतेस की आवडत नाही म्हणून?’

‘दोन्ही.’

‘पहिल्यावर औषध माझ्याकडे आहे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘दुसऱ्याचं तुझं तू बघ.’

आणि त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. आधी वाकून पिन बघितली. बाईंनी ती त्या वळणानंतर लगेच परत बसवून घेतली होती. दोन महिने सिस्टर ड्युटी संपवून यायच्या. मुलगी तिसाव्या वर्षी पुन्हा शिकली, आणि तीही मोठ्याने बोलत. सायकल, म्हणायची. मांजर, म्हणायची. तिचा आवाज बाईंसारखा आहे, थोडा खालच्या पट्टीतला. पहिल्यांदा तो माझ्या काचांमधून बाहेर गेला तेव्हा बाकावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले.

चिठ्ठी तिने काढली. चार वर्षांपूर्वी मला आपल्या नावावर करून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या आईची आठवण आहे. लोक आठवण भिंतीवर टांगतात, ती आठवणीत पेट्रोल भरते. रविवारी स्वतः धुते, चाकांच्या कडा दाताच्या ब्रशने घासते, दुकानातल्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने माझे दिवे पुसते. शेजारची सीट बाई बुटक्या म्हणून पुढे ओढलेली आहे, ती तिने तशीच ठेवली आहे. तिथे बसणाऱ्याचे गुडघे छातीला लागतात. मिस्त्री म्हणतात, ही सीट नाही, शिक्षा आहे. ती हसते, पण सीट मागे सरकवत नाही.

आता तुमच्याकडे येते, साहेब. नियम आला की चाळिशीपुढच्या मोटारी दरवर्षी तपासायच्या. चांगला नियम आहे. मला तपासायला हरकत नाही. मिस्त्री आठवड्याला तपासतात. पण तुम्ही तपासलं नाही, फुली मारली.

मुलगी मला त्या कागदासकट मिस्त्रींकडे घेऊन आली. मिशा आता पांढऱ्या आहेत, गुडघे कुरकुरतात. दोघांनी बोलून ठरवलं की उपाय नाही. पेडल काढून एका डब्यात जपून ठेवू, गाडी तरी राहील. मिस्त्री अंग चोरून माझ्याखाली शिरले. मुलगी पाने हातात देत बसली. सगळ्यात आधी पिन निघाली. त्यांनी ती खालूनच हात लांब करून तिच्या तळहातावर ठेवली.

‘ही पिन मी दुसऱ्यांदा काढतोय,’ ते म्हणाले.

‘पहिल्यांदा कधी काढली होती?’

‘तुझ्या वेळी.’

‘माझ्या वेळी म्हणजे?’

मिस्त्री सरपटत बाहेर आले, फडक्याला हात पुसत बसले. ‘बाईंनी तुला सांगितलं नाही?’

‘काय सांगितलं नाही?’

त्यांनी सगळं सांगितलं. त्या सकाळी बाई आल्या, पिन काढून घेतली, दुपारी परत आल्या तेव्हा मागच्या चाकाची केबल मिस्त्रींनी स्वतः कापून काढली, इतकी गंजली होती. मुलगी ऐकत होती आणि मान हलवत होती. नाही, म्हणाली. आईने कबूल केलं होतं. मी स्वतः ऐकलं.

‘त्या वळणावर तुझा पाय कुठे होता?’ मिस्त्रींनी विचारलं.

‘ब्रेकवर. नुसता ठेवलेला. वळणावर तसाच ठेवायचा, आईनंच शिकवलं होतं.’

‘शेजारचा ब्रेक दाबला की दांड्यामुळे चालवणाऱ्याचं पेडलही खाली जातं. सिस्टर दाबायच्या तेव्हा जायचं ना? मग त्या दिवशी तुझ्या पायाखालचं पेडल खाली गेलं होतं का?’

केसाएवढा फरक ओळखणारी मुलगी ती. तिने डोळे मिटले. तिचा उजवा पाय शेडच्या जमिनीवर किंचित उचलला गेला आणि तसाच राहिला.

‘नाही,’ ती म्हणाली.

मग तिने विचारलं की पंधरा वर्षं तुम्ही गप्प का बसलात. मिस्त्री कळवळून म्हणाले, ‘तुम्ही दोघी एका घरात राहायचात पोरी. मला वाटलं, त्याच संध्याकाळी सांगून मोकळ्या झाल्या असतील. बाई मला एवढंच म्हणाल्या होत्या की, पिन नव्हती असं सांगितलं तर ती म्हणेल मला मरायला सोडलंस, आणि नाही सांगितलं तर म्हणते विश्वास नाही. दोन्हीकडून मीच. त्यापेक्षा दाबला म्हणते.’

‘मी त्या दिवशी तिला काय बोलले, ते सांगितलं का तिनं?’

‘नाही,’ मिस्त्री म्हणाले. ‘ते काही बोलल्या नाहीत.’

ते खोटं होतं. बाईंनी त्यांना शब्दन्‌ शब्द सांगितला होता, माझ्या बोनेटवर हात ठेवून, मी ऐकलं आहे. पण साहेब, खोट्याखोट्यात फरक असतो. एक माणसाला उभं करायला सांगितलेलं असतं, एक माणसाला आडवं करायला चिकटवलेलं असतं.

मुलगी उठली, शेजारच्या सीटवर जाऊन बसली. गुडघे छातीला लागले. तिने चप्पल काढली आणि पाय त्या झिजलेल्या रबरावर ठेवला. किती वेळ ते मी मोजलं नाही. मला एवढं कळलं की पंधरा वर्षं माझ्या अंगावर असलेलं एक ओझं उतरलं. पुष्कळ ओझी वाहिली मी, हे सगळ्यात जड होतं.

‘पिन परत घाला, मिस्त्रीकाका,’ ती म्हणाली.

‘मग गाडी पास होणार नाही.’

‘घाला.’

पिन घालता घालताच मिस्त्रींना आठवलं. ते पुटपुटायला लागले की विनापरवाना कसं म्हणतात हे लोक, तेव्हा तर तपासणीला मी स्वतः बाईंबरोबर गेलो होतो. मीही गेले होते, पण मला कोण विचारतो. तेव्हाचे तपासनीस एक जाडे गृहस्थ होते. ते स्वतः या सीटवर कसेबसे मावले, बाईंना चालवा म्हणाले आणि फाटकाजवळ न सांगता पेडलवर पाय दिला. बाईंचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. ‘ब्रेक उत्तम आहे,’ गृहस्थ म्हणाले, ‘कपाळाला बर्फ लावा.’ आणि गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात नवव्या पानावर त्यांनी शाईने लिहिलं: शिकवणीसाठी दुसरा ब्रेक बसवला. चालवून तपासला. मंजूर. सही आणि गोल शिक्का. शिक्का तुमच्याच कार्यालयाचा, साहेब.

ते पुस्तक कुठे आहे? मुलीला घर शोधायची गरजच नव्हती. चार वर्षांपूर्वी नाव बदलताना तुमच्या खिडकीवरच्या कारकुनाने ते मागून घेतलं आणि बदल्यात नखाएवढ्या जाडीचं एक कार्ड दिलं. कार्डावर नंबर आहे, रंग आहे, साल आहे, किती माणसं बसतात ते आहे. दुसऱ्या ब्रेकचा रकाना नाही. रकाना नाही म्हणून ओळ नाही, ओळ नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून मी भंगार. किती सोपं आहे तुमचं.

ती चार वेळा आली तुमच्याकडे, दुकानातून अर्धी सुट्टी काढून. कारकून म्हणाला की जुनी पुस्तकं वरच्या खोलीत आहेत. मग म्हणाला, खोलीची किल्ली एका माणसाकडे आहे. मग म्हणाला, तो माणूस रजेवर आहे. चौथ्या वेळी तो समजुतीने बोलला. माणूस वाईट नाही, थकलेला आहे.

‘मॅडम, कशाला त्रास करून घेता. पेडल काढून आणा. पंधरा मिनिटांचं काम. उद्या पास करून देतो.’

मी फाटकाबाहेर मिस्त्रींच्या टेम्पोला दोरीने बांधलेली उभी होते, कारण चालत यायला मला बंदी. कार्यालयात त्या दिवशी पुष्कळ माणसं होती. नंतर मिस्त्रींनी मला रोज संध्याकाळी सांगितलं की ती काय बोलली, आणि दर वेळी तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

‘पेडल काढलं तर गाडी पास होईल, हे मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘पण मग या कागदावरचं खरं ठरेल. माझी आई बावीस वर्षं परवाना नसलेल्या ब्रेकवर लोकांना शिकवत होती, असं ठरेल. या ब्रेकवरून मी तिच्यावर एकदा खोटा आळ घेतलाय. तेव्हा ती गप्प बसली. आता तुम्ही घेताय. आता ती नाही, मी आहे. मी गप्प बसणार नाही.’

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं की तुमची आई म्हणजे बडबडीवाल्या बाई का. मुलीने हो म्हटलं. ती बाई रांग सोडून पुढे आली आणि म्हणाली की माझंही नाव लिहा, मी त्या ब्रेकमुळे जिवंत आहे. मुलीने तिथेच अर्ज लिहिला. दोन ओळींचा. नववं पान उघडून बघावे व काय लिहिले आहे ते लेखी कळवावे. खाली दोन सह्या. आठवडा झाला त्याला. कळताच सिस्टर आल्या, शिवणकामवाल्या काकू आल्या, त्यांचा कधी न हलणारा नवरा आला. आज त्या अर्जाच्या प्रतीवर एकशे सदतीस सह्या आहेत. उत्तर एकही नाही. तीस दिवसांतले तीन उरले आहेत, म्हणून आज मिस्त्रींनी मला पुन्हा टेम्पोने ओढून तुमच्या फाटकात आणलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने शेवटी तुम्हाला वस्तू जपा असं सांगावं, अशी रीत आहे. जपाच. पण धुणं-पुसणं हे जपण्यातलं सोपं काम आहे. अवघड काम हे की ज्याची ती वस्तू होती त्या माणसाबद्दल कुणी खोटं लिहिलं तर उठून विचारायचं. गेलेल्या माणसाला खिडकीवर उभं राहता येत नाही. तिथे तुम्हीच उभं राहायचं असतं. मला भंगारात जायची भीती नाही. माझा पत्रा वितळवून पातेली केली तरी मी कुणाच्या तरी घरी कामाला येईन. पण त्या बाईंच्या नावावर तुमचा तो ‘विनापरवाना’ शब्द ठेवून मी वितळणार नाही.

म्हणून विचारते, साहेब, आणि उत्तर घेतल्याशिवाय या फाटकातून हलणार नाही. ओढून न्यायला क्रेन आणा हवी तर. वरच्या खोलीचं कुलूप फोडा किंवा त्या माणसाला रजेवरून बोलवा, ते तुमचं तुम्ही बघा. नववं पान उघडा, वाचा आणि सांगा: बाईंनी तुमची परवानगी घेतली होती की नव्हती? हो की नाही? एक शब्द पुरे. लेखी द्या, आणि खाली सही तुमचीच करा.